दुरुस्ती की पुरावानाश? जुन्या ग्राफिक्स कार्डाचा बिघडलेला पडदा आणि इतिहासाची शिस्त

१/
ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पहिला वैयक्तिक संगणक, क्रमांक ५१५०, बाजारात आणला. पडद्यावर रंग उमटवण्यासाठी त्याच्यासोबत एक कार्ड विकत मिळत असे: कलर ग्राफिक्स अ‍ॅडॅप्टर, म्हणजेच सीजीए. ही कार्डे आता चाळिशी ओलांडून गेली आहेत. कुठे पडदा काळाच राहतो, कुठे एखादा रंग नाहीसा होतो, कुठे अक्षरे बदलून दिसतात. अशा कार्डाची दुरुस्ती हा वरवर कारागिराचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो साधनचिकित्सेचा प्रश्न आहे, आणि चुकीची दुरुस्ती हा पुरावानाश ठरू शकतो, हे या धाग्याचे प्रतिपादन आहे.

२/
प्रथम साधनाची ओळख. सीजीए कार्डावर अवघी १६ केबी स्मृती असते. तिच्यातील मजकूर वाचून तो पडद्याच्या रेषांत उतरवण्याचे वेळापत्रक मोटोरोलाची ६८४५ ही चाळीस पायांची चिप सांभाळते. ३२० × २०० ठिपक्यांच्या चित्रात चार रंग मिळतात, ६४० × २०० मध्ये दोन. मजकुराच्या पडद्यावर मात्र सोळा रंग उपलब्ध असतात. अक्षरांचे आकार कार्डावरील कायमस्वरूपी स्मृतीत कोरलेले असतात. एकूण २५६ चिन्हे, प्रत्येक ८ × ८ ठिपक्यांच्या चौकटीत.

३/
या कार्डाला चित्र बाहेर पाठवण्याचे दोन दरवाजे आहेत. पहिला नऊ पिनांचा: तांबडा, हिरवा, निळा आणि तेजस्विता हे चार संकेत, शिवाय आडवा व उभा सिंक. चार संकेतांची प्रत्येकी दोनच स्थिती, चालू किंवा बंद. म्हणून रंग सोळा. दुसरा दरवाजा गोल खोबणीचा, काँपोझिट. त्यातून सारे रंग एकाच तारेतून दूरचित्रवाणी संचाला जातात. एकच कार्ड, एकच स्मृती, आणि तरीही दोन दरवाजांतून बाहेर पडणारी चित्रे भिन्न. हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

४/
निदानाचा पहिला नियम: आरोपी निश्चित झाल्याखेरीज शिक्षा नको. पडदा काळा आहे एवढ्यावरून कार्ड बिघडले असे सिद्ध होत नाही. ६८४५ चिप स्वतःहून काही करत नाही. संगणक सुरू होताना बायॉस तिला आकडे भरवते, तेव्हाच सिंकचे ठोके सुरू होतात. मदरबोर्डच उठला नाही तर निरोगी कार्डही मुकेच राहील. म्हणून आधी कानाने ऐकावे. आयबीएमच्या पीसीने एक लांब आणि दोन आखूड आवाज काढले, तर यंत्र जागे आहे आणि तक्रार पडद्याच्या कार्डाविषयी आहे.

५/
तेवढ्यानेही निकाल देऊ नये. ५१५० च्या मदरबोर्डवर बारीक स्विचांची पट्टी असते. तिच्यातील पाचवा आणि सहावा स्विच कोणते पडदा-कार्ड बसवले आहे हे यंत्राला सांगतात. ते चुकीचे असतील तर दोष कार्डाचा नव्हे, कोणीतरी पूर्वी फिरवलेल्या स्विचाचा. दुसरी परीक्षा अदलाबदलीची: संशयित कार्ड चालू यंत्रात, आणि चालू कार्ड संशयित यंत्रात. तिसरी खबरदारी मॉनिटरची. आयबीएमच्या एकरंगी कार्डाचा नऊ पिनांचा जोड दिसायला हुबेहूब असाच असतो, पण त्याचा आडवा वेग सेकंदाला सुमारे १८,४००, तर सीजीएचा सुमारे १५,७००. चुकीची जोडी मॉनिटरलाच इजा करू शकते.

६/
आता लक्षणांचे वाचन. पांढरी अक्षरे निळसर-हिरवी दिसत असतील तर तांबडा संकेत हरवला आहे. ती पिवळी दिसत असतील तर निळा, आणि जांभळट-गुलाबी दिसत असतील तर हिरवा. सोळा रंगांचे आठच उरले, पिवळा तपकिरी झाला आणि शुभ्र पांढरा राखाडी झाला, तर तेजस्वितेची तार मेली आहे. येथे अंदाजाला जागाच नाही. पांढऱ्यातून जे वजा झाले, तेच हरवले. चार तारांची ही साधी वजाबाकी शोध एका तारेपुरता मर्यादित करते.

७/
चित्र वरखाली घसरत असेल तर उभा सिंक, तिरप्या रेघांत फाटत असेल तर आडवा सिंक संशयित. ६८४५ चिपच्या ३९ व्या पायावर आडवा ठोका असतो, ४० व्या पायावर उभा. बाहेरच्या जोडावर हेच ठोके अनुक्रमे आठव्या आणि नवव्या पिनवर यायला हवेत. ऑसिलोस्कोप लावून पाहावे. चिपवर ठोका आहे आणि पिनवर नाही, तर दोष मधल्या वाटेवर: बफर चिप, तांब्याची रेघ, किंवा केबलच्या ओढीने तडकलेला सोल्डर. चिपवरच ठोका नाही, तर शोध मागे न्यावा लागतो. वाटेच्या मध्यावर उभे राहून कोणती बाजू निर्दोष आहे हे ठरवणे, हीच साऱ्या निदानाची गुरुकिल्ली.

८/
काही वेळा रंग ठीक, सिंक ठीक, पण मजकूर भलताच. ‘ए’ या रोमन अक्षराच्या जागी ‘सी’ दिसतो, ‘बी’ मात्र जसाच्या तसा राहतो. हा योगायोग नव्हे. ‘ए’चा अंक ६५, ‘सी’चा ६७, फरक दोनचा. म्हणजे दोन किंमतीचा बिट कायम चालू अवस्थेत अडकला आहे. ‘बी’चा अंक ६६, आणि त्यात तो बिट मुळातच चालू असल्याने त्याला बाधा नाही. अशी चार-सहा अक्षरे तपासली की आठ बिटांपैकी कोणाची वाट बिघडली हे कागद-पेन्सिलीवर सिद्ध होते. मोडी कागदातील लेखकाची लकब ओळखणाऱ्या वाचकाला ही पद्धत परकी वाटू नये.

९/
आणखी एक फसवा प्रसंग. नऊ पिनांच्या दरवाजातून चित्र उत्तम येते, पण काँपोझिटच्या दरवाजातून येणारे चित्र रंगहीन असते. कार्डावर सोल्डरिंग सुरू करण्यापूर्वी मदरबोर्डकडे पाहावे. कार्डाचा मूळ ठोका मदरबोर्डवरील १४.३१८१८ मेगाहर्ट्झच्या स्फटिकातून येतो. अमेरिकी दूरचित्रवाणीच्या रंगवाहक लहरीच्या तो बरोबर चौपट आहे. स्फटिकाशेजारी एक छोटा फिरता संधारक आहे. तो किंचित सरकला तरी दूरचित्रवाणी संच रंग ओळखत नाही. उपाय पेचकसाच्या अल्पशा वळणाचा, आणि तोही कार्डाला हात न लावता.

१०/
येथवर कौशल्याचा भाग झाला. खरी कसोटी पुढे आहे: जे बिघाडासारखे दिसते पण बिघाड नाही, ते ओळखण्याची. ऐंशी अक्षरांच्या ओळीत सीजीएवर मजकूर भराभर बदलला की पडद्यावर पांढरे कण उडतात. इंग्रजीत त्यांना ‘स्नो’ म्हणत. नवखा दुरुस्तीकार लगेच स्मृतीच्या चिप बदलू लागतो. पण हा कार्डाचा जन्मजात स्वभाव आहे. त्या स्मृतीला एकच दार होते. प्रोसेसर लिहायला आला की पडद्याला वाचता येत नसे. बायॉस तर मजकूर सरकवताना पडदा क्षणभर बंदच करी. त्यामुळे तो लुकलुके. तत्कालीन प्रोग्रॅमर या हिमापासून वाचण्यासाठी लिहिण्याच्या वेळा कशा मोजत, हे त्यांच्या कोडमध्ये आजही दिसते. हिम ‘बरे’ केले, तर त्या कोडचे कारणच नाहीसे होते.

११/
दुसरे उदाहरण तपकिरी रंगाचे. सहाव्या क्रमांकाच्या रंगासाठी कार्ड केवळ तांबडा आणि हिरवा चालू करते. गणिताने तो गडद पिवळा व्हायला हवा. पण आयबीएमचा ५१५३ हा रंगीत मॉनिटर त्या एका रंगापुरता हिरवा कमी करून तपकिरी दाखवत असे. म्हणजे तपकिरी रंग कार्डात नव्हताच, तो मॉनिटरमध्ये घडत होता. आजच्या रूपांतरकातून हेच कार्ड आधुनिक पडद्याला जोडले आणि मळकट पिवळा दिसला, तर कार्डात दोष शोधणे व्यर्थ. साधन एकट्याने बोलत नाही. ते कोणाच्या शेजारी उभे होते हेही वाचावे लागते.

१२/
मराठी इतिहासपरंपरेला ही शिस्त नवी नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा संपादकांनी आपल्याला रुचेल तो श्लोक लिहून टाकला नाही. हस्तलिखिते ताडून पाठ ठरवला आणि पाठभेद खाली नोंदवले. लेखनिकाची चूक कोणती आणि जुना, अवघड पण खरा पाठ कोणता, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. बिघाड कोणता आणि मूळ स्वभाव कोणता, हा दुरुस्तीकारापुढचा. दोघांचा धर्म एकच: सोपे ते खरे मानू नये.

१३/
दुरुस्तीचा क्रमही याच धर्मातून ठरतो. आधी सर्वांत सौम्य उपाय. छायाचित्र काढावे, मग धूळ झाडावी, स्लॉटमध्ये बसणारी सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. खोडरबराने घासू नये, कारण सोन्याचा पातळ थर त्यासोबत निघून जातो. सॉकेटमधील चिप हलकेच दाबून बसवाव्यात. वीज बंद ठेवून मल्टिमीटरने पाच व्होल्टची आणि बारा व्होल्टची वाट जमिनीशी शॉर्ट नाही ना, हे पाहावे. त्या काळचे टँटॅलम संधारक शॉर्ट होण्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. तडकलेला सोल्डर पुन्हा वितळवावा. एवढे करूनही दोष राहिला तरच चिप बदलण्याचा विचार. मॉनिटरची पेटी मात्र नवशिक्याने कधीही उघडू नये. आत हजारो व्होल्ट असतात आणि वीज काढल्यावरही ते टिकून राहू शकतात.

१४/
चिप बदलावी लागलीच, तर बोर्ड वाचवावा आणि चिपचा त्याग करावा. मेलेल्या चिपचे पाय प्रथम कापून मग एकेक पाय गरम करून काढला, तर तांब्याचे नाजूक वर्तुळ उखडत नाही. त्या जागी सॉकेट बसवावे, म्हणजे पुढच्या पिढीला पुन्हा सोल्डर वितळवावा लागणार नाही. काढलेली चिप फेकू नये. तिच्यावरील कंपनीची खूण आणि उत्पादनाचा आठवडा हा कार्डाच्या जन्मकाळाचा पुरावा असतो. ती पाकिटात घालून, कोणत्या जागेवरून, कोणत्या लक्षणामुळे आणि कोणत्या दिवशी काढली हे लिहून, कार्डासोबत ठेवावी. नोंद नसलेली दुरुस्ती म्हणजे तारीख खोडलेले पत्र.

१५/
आता आक्षेप. पहिला: एवढा खटाटोप कशाला? जुने यंत्र हुबेहूब वठवणारे एम्युलेटर आहेत की. त्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे. पण एम्युलेटर ही नक्कल आहे, आणि नक्कल करणाऱ्याला जेवढे ठाऊक तेवढेच तिच्यात उतरते. एप्रिल २०१५ मध्ये जर्मनीतील ‘रिव्हिजन’ मेळाव्यात ‘८०८८ एमपीएच’ ही कलाकृती सादर झाली. तिने ४.७७ मेगाहर्ट्झच्या मूळ पीसीवर, सीजीएच्या काँपोझिट दरवाजातून १,०२४ रंग दाखवले. त्या वेळचे एम्युलेटर ती नीट चालवू शकले नाहीत. चौतीस वर्षे जुन्या कार्डात असे काही दडले आहे, हे नकलेला ठाऊकच नव्हते. पुढे एम्युलेटर सुधारले, ते खऱ्या कार्डांवर घेतलेल्या मोजमापांमुळेच. अस्सल कागद हरवल्यावर बखरीची शहानिशा कशाशी करणार?

१६/
याच कलाकृतीने आणखी एक गोष्ट ठळक केली. आयबीएमने सीजीए कार्डाच्या काँपोझिट दरवाजाची जुळणी मध्येच बदलली होती. आरंभीचे कार्ड आणि नंतरचे कार्ड रंगांच्या छटा वेगवेगळ्या देतात. ‘८०८८ एमपीएच’चे रंग आरंभीच्या कार्डाला अनुसरून जुळवलेले आहेत. नऊ पिनांचा दरवाजा वापरणाऱ्याला हा भेद कधीच दिसणार नाही. ‘काँपोझिट आता कोण वापरतो’ असे म्हणून तो भाग तोडून सुटे भाग दुसरीकडे लावणारा दुरुस्तीकार नेमका हाच पुरावा नष्ट करतो. त्या काळी घरच्या दूरचित्रवाणी संचावर खेळणाऱ्या मुलांनी सोळा रंग पाहिले आणि कचेरीतल्या मॉनिटरवर तोच खेळ चार रंगांत दिसला, ही सामाजिक इतिहासाची नोंद त्या गोल खोबणीत आहे.

१७/
दुसरा आक्षेप उलट दिशेचा: जुन्या वस्तूला हातच लावू नये, आहे तशी काचेच्या कपाटात ठेवावी. या भूमिकेत आदर आहे, पण निष्क्रियता म्हणजे रक्षण नव्हे. ज्या कार्डांवर वा मदरबोर्डांवर द्रवयुक्त संधारक किंवा बॅटऱ्या आहेत, त्या कपाटातही पाझरतात आणि तांब्याच्या रेघा खात राहतात. शिवाय न चालणारे ग्राफिक्स कार्ड अर्धेच साधन आहे. त्याचा मजकूर त्याच्या पृष्ठभागावर नाही. तो विजेसह, सेकंदाला साठ वेळा, पडद्यावर लिहिला जातो. म्हणून योग्य मार्ग मधला: दुरुस्ती करावी, पण कमीत कमी, उलटवता येईल अशी आणि लेखी नोंदीसह.

१८/
तिसरा आक्षेप तरुण हौशी मंडळींचा: यंत्र खेळण्यासाठी आहे, आधुनिक पडद्याला जोडण्याची सोय केली तर बिघडले कुठे? काहीच बिघडले नाही, जोवर ती सोय कार्डाच्या बाहेर आहे. नऊ पिनांच्या जोडाला लावायचा रूपांतरक काढता येतो. पण त्यासाठी कार्डाला छिद्र पाडणे, मूळ जोड उपटणे किंवा पट्टीवर नवा मार्ग खरवडणे हे हस्तलिखिताच्या समासात बॉलपेनने टिपण लिहिण्यासारखे आहे. वापर आणि जतन यांचे वैर नाही. वैर आहे ते घाई आणि जतन यांचे.

१९/
या विषयाचा लिपींशी असलेला संबंध फार कमी वेळा सांगितला जातो. आयबीएमच्या कार्डांवर कोरलेल्या २५६ चिन्हांत थाई नव्हती, देवनागरीही नव्हती. आपला प्रबंध थाई लिपीत लिहिता यावा म्हणून व्हॅन सुवन्नुकुल या विद्यार्थ्याने १९८२ मध्ये ७२० × ३४८ ठिपक्यांचे कार्ड घडवले. तेच प्रसिद्ध हर्क्युलस ग्राफिक्स कार्ड. भारतात आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ तंत्रज्ञान म्हणून फळाला आले. डॉसवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्या उमटवणारे जिस्ट कार्ड त्यातूनच आले. पडद्यावर कोणती भाषा दिसावी हे ज्या काळी एक कार्ड ठरवत होते, त्या काळचे कार्ड म्हणजे केवळ यंत्रभाग नव्हे. ते भाषेच्या इतिहासाचे दफ्तर आहे.

२०/
जिस्ट कार्डाने लिहिलेला मजकूर इस्की या भारतीय संकेतप्रणालीत साठवला जाई. १९८८ च्या इस्कीवरच युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आधारलेली आहे. म्हणून आज मोबाइलवर मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाचे त्या कार्डांशी दूरचे नाते आहे. फाइल दुसऱ्या संकेतात बदलता येते, पण जोडाक्षर त्या पडद्यावर कसे दिसत होते, वेलांटी कुठे तुटत होती, ओळीत किती अक्षरे मावत होती, याचे उत्तर चालू कार्डच देईल. कचेरीच्या माळ्यावर, छापखान्याच्या अडगळीत किंवा भंगाराच्या पोत्यात असे कार्ड सापडले, तर ते सोन्याच्या मुलाम्यासाठी वितळवणे म्हणजे दफ्तर रद्दीच्या भावाने विकणे होय.

२१/
मागणी साधी आहे. संगणक-इतिहास जपणाऱ्या संग्रहालयांनी आणि महाविद्यालयांनी वस्तूच्या नोंदीत ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढेच लिहून थांबू नये. बिघाडाचे लक्षण, केलेल्या चाचण्या, घेतलेली मोजमापे, बदललेला भाग आणि बदलणाऱ्याचे कारण, हे पाच रकाने असावेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना कागद वाचायला शिकवतात तसे मल्टिमीटर धरायलाही शिकवावे. आणि दुरुस्तीच्या हुन्नराला ‘मेकॅनिकचे काम’ म्हणून खालच्या पायरीवर बसवणे थांबवावे. मोडी वाचणारे थोडे उरल्यावर दफ्तरखान्यांची काय अवस्था होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे.

२२/
सीजीए कार्डाच्या नऊ पिनांतून बाहेर पडणारा संकेत क्षणभंगुर असतो. सेकंदाचा साठावा भाग उलटला की पुढचे चित्र. पण तो पुन्हा पुन्हा उमटू शकतो, हेच त्याचे वैशिष्ट्य. ज्या दिवशी अखेरचे अस्सल कार्ड मुके होईल, त्या दिवसापासून १९८१ चा पडदा कसा दिसत होता हे ऐकीव होईल. तो दिवस लांबवणे इतिहासप्रेमींच्या हातात आहे. त्यासाठी सोल्डरिंग गन हवीच, पण तिच्याआधी वही उघडलेली हवी.

(धागा समाप्त)